मेणाची बिलं

धाकटीने नोकरी सोडली त्या दिवशी घरातल्या तिघांनी तीन तऱ्हा केल्या. आई म्हणाली, "बांधल्या पगाराला लाथ मारून आली ही." ताईचे यजमान, भावोजी, म्हणाले, "मारू द्या की, पाय तिचाच आहे." ताई मात्र दोघांचं बोलून होईपर्यंत थांबली आणि तिने एवढंच विचारलं, "हिशेब कोण ठेवणार?"

"तू आहेस की," धाकटी म्हणाली, आणि सगळे हसले.

धाकटी कवळ्या करायची. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवत, ती त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करी, त्यावर मेणाच्या हिरड्या बसवी, मेणात एकेक दात रोवी, आणि मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी कवळी घडवी. एका मोठ्या कारखान्यात दहा-बारा वर्षं तिने हेच केलं होतं. तिचा हात चांगला होता. तिने केलेली कवळी घालून माणूस हसला तर त्याच्या घरच्यांनाही चटकन कळत नसे. पण कारखान्याच्या मालकाला घाई फार. दात सगळ्यांना एकाच रंगाचे लावा, एकाच मापाचे लावा, चावता येतंय ना, मग झालं! एका म्हाताऱ्या बाईंची कवळी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मालक म्हणाला, "त्यांना सांगा, तोंड बदलून घ्या." त्याच आठवड्यात धाकटीने राजीनामा दिला.

जागा तिला घराजवळच मिळाली. पूर्वी तिथे घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा, त्यामुळे खिडकीशी टेबल होतं आणि उजेड चांगला होता. तिने मोरीच्या नळाखाली प्लास्टर अडवायला डबा बसवला, भिंतीवर फळ्या ठोकल्या आणि फळ्यांवर जबडे मांडले. दारात पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस दचकायचा. भावोजी तर म्हणाले, "एवढी तोंडं एका खोलीत आणि एकही बोलत नाही, म्हणजे आमच्या घराच्या बरोबर उलट."

ताई हिशेबनिसांच्या एका छोट्या कचेरीत काम करायची. परीक्षा देऊन तिने सहीचा परवाना मिळवला होता. तिच्या सहीने लोकांची टॅक्सची विवरणपत्रं सरकारदरबारी जायची. वडील गेले तेव्हा ताईचं शिक्षण अर्ध्यावर होतं. ते तिने सोडलं, मिळेल ती कारकुनी धरली, धाकटीला कवळीच्या कामाचं शिक्षण दिलं, आणि स्वतःच्या परीक्षा मग संसार सांभाळून दिल्या. हे ती कधी बोलून दाखवायची नाही. आईच दाखवायची, आणि धाकटीला ते दाढेखालच्या खड्यासारखं लागायचं.

दर रविवारी सकाळी ताई दुकानात येऊ लागली. तिने बँकेत दुसरं खातं उघडायला लावलं; त्याचं पासबुक धाकटीकडेच राहिलं. बिलांसाठी पत्र्याचा एक डबा आणला.

"डॉक्टरांकडून पैसे आले की तिसरा हिस्सा लगेच दुसऱ्या खात्यात. त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी नाही."

"अगं, पण माझेच पैसे ना?"

"नाहीत. नोकरीत असताना मालक टॅक्स कापून पगार द्यायचा, म्हणून तुला ते पैसे कधी दिसलेच नाहीत. आता ते तुझ्या हातातून जाणार. सरकारचे पैसे तुझ्याकडे मुक्कामाला आलेत असं समज. पाहुण्याच्या बॅगेत हात घालतो का आपण?"

धाकटी मान डोलवायची. बसच्या तिकिटापासून झाडूच्या बिलापर्यंत ताई सगळं नोंदवायला लावायची तेव्हा मात्र ती वैतागायची. "ताई, दात कोरून पोट भरतं का कधी?"

"तुझं तर दातांवरच भरतं, तू बोलू नकोस," ताई म्हणायची आणि तिकीट सरळ करून डब्यात ठेवायची.

पहिलं वर्ष धाकटीला फळलं. तीन दवाखाने असलेले एक डॉक्टर तिच्या कामावर खूश झाले आणि त्यांनी आपल्या सगळ्या कवळ्या तिच्याकडे वळवल्या. महिन्याच्या महिन्याला पैसे येत होते. दुसऱ्या खात्यातला आकडा फुगत होता, आणि कधीतरी सहज म्हणून ती तो बघायची. इतके पैसे तिच्या नावावर आयुष्यात कधी साठले नव्हते. पाहुणा असला म्हणून काय झालं, घरातच तर राहत होता.

मग त्या डॉक्टरांनी विचारलं, "चिनी मातीचे दात करता का? ते काम मला दूर पाठवावं लागतं. तुमच्याकडे भट्टी असेल तर सगळं तुम्हालाच देतो."

भट्टी नव्हती. पण एक जुना कारखाना बंद होत होता आणि त्यांची भट्टी विकायची होती. धाकटीने जाऊन पाहिली. एखाद्या लहानशा तिजोरीसारखी होती, आत लालबुंद तापायची आणि मातीचा ठिसूळ कण काचेसारखा चमकवून बाहेर द्यायची. विकणारा म्हणाला, आणखी दोघे बघून गेलेत. ती घरी आली, रात्रभर मनाशी गणित मांडलं, आणि सकाळी दुसऱ्या खात्यातून पैसे काढले. दोन-तीन महिन्यांत परत ठेवू, ताईला कळायच्या आत. ताईला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती असंही नाही. कदाचित म्हणाली असती, हप्त्यांवर घे, मी बघते कुणाकडून कर्ज मिळतंय. पण विचारायचं म्हणजे पुन्हा ताईसमोर हात पसरून उभं राहायचं. धाकटीला ते नको होतं. चाळिशी जवळ आली तरी मी धाकटीच का?

भट्टी आल्यावर रविवारी ताईने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "कशातून घेतलीस?"

"साठवलेल्यातून," धाकटी म्हणाली. ते खोटं नव्हतं.

पण डॉक्टरांचं नवं काम यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा पैसे उशिरा येऊ लागले. पहिले काही दात भट्टीत तडकले. वीजबिल दुप्पट झालं. दुसरं खातं रिकामं ते रिकामंच राहिलं. वर्ष संपलं आणि ताई आकडे जुळवून आली.

"एवढा टॅक्स होतोय," तिने कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "आणि त्याच्याबरोबर पुढच्या वर्षाचा आगाऊ हप्ता."

"आगाऊ? अजून कमावलेही नाहीत!"

"पहिल्या वर्षी सगळे असंच ओरडतात. म्हणून तर तुला बाजूला ठेवायला सांगितले. ठेवलेत ना?"

"हो," धाकटी म्हणाली.

एवढंच. पुढे कित्येकदा तिला वाटायचं, तो एक शब्द गिळला असता तर बाकीचं काहीच घडलं नसतं. ताई रागावली असती, दोन रविवार बोलली नसती, आणि मग बसून हप्ते बांधून घेतले असते. टॅक्सचे हप्ते बांधून मिळतात हे धाकटीला तेव्हा माहीतही नव्हतं. विचारलंच नव्हतं.

प्लास्टर, मेण आणि कवळीचं बाकी सामान एक माणूस स्कूटरवरून आणून द्यायचा. धाकटी त्याला प्लास्टरवाला म्हणायची. त्याच्याशी बोलताना तिच्या तोंडून टॅक्सची गोष्ट निघाली. त्याने गोणी उतरवता उतरवता सांगितलं, "खर्च जास्त दाखवा की. नफा कमी, टॅक्स कमी. मी बिलं देतो. बिल म्हणजे काय, कागदच तर आहे. सगळेच घेतात." त्याने पुढच्या फेरीला बिलांचा गठ्ठा आणला. प्लास्टरची होती, रसायनाची होती, पण मेणाची जास्त, कारण मेण वितळून जातं, मागे काही उरत नाही. त्याचा स्वतःचा हिस्सा त्याने रोख घेतला.

धाकटीने ती बिलं पत्र्याच्या डब्यात इतर बिलांमध्ये मिसळून ठेवली. खोटा दात खऱ्यांच्या शेजारी बेमालूम बसवणं हे तर तिचं रोजचंच काम होतं!

पुढच्या रविवारी ताई बिलं लावत बसली होती. धाकटी पाठमोरी उभी राहून एक कवळी घासत होती. ताईचा कागद उलटण्याचा आवाज थांबला.

"धाकटे, एवढं मेण? कवळ्या करतेस की पुतळे?"

धाकटी हसली. "अगं, नवं काम शिकताना वाया फार जातं. चारचारदा वितळवायचं. ती बिलं राहून गेली होती माझ्याकडे, पर्समध्येच."

ताईने चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण पाहिलं. खिडकीतून ऊन येत होतं, जबडे फळीवर आपापल्या जागी होते, आणि धाकटीला वाटलं, आता ही विचारेल. विचारलं तर सांगून टाकू. ताईने विचारलं नाही. "पर्समध्ये नाही, डब्यात," ती नेहमीसारखी म्हणाली, बिलं नोंदवली आणि आठवड्याभराने विवरणपत्रावर सही केली.

टॅक्स कमी झाला. जो झाला तो धाकटीने कसाबसा भरला. पुढच्या वर्षी भट्टी सुरळीत चालू लागली, दात तडकायचे थांबले, पैसे वेळेवर येऊ लागले. तिने खोटी बिलं पुन्हा घेतली नाहीत आणि दुसऱ्या खात्यात तिसरा हिस्सा मुकाट्याने टाकू लागली. गोष्ट मिटली असं तिला वाटलं.

ती मिटली नव्हती. प्लास्टरवाला पकडला गेला होता. त्याने विकलेला माल आणि दिलेली बिलं यांचा मेळ बसत नव्हता, म्हणून टॅक्सच्या कचेरीने त्याच्या एकेका गिऱ्हाइकाला बोलावणं धाडलं. धाकटीलाही आलं, आणि सही करणारी म्हणून ताईलाही.

कचेरीतली खोली साधी होती. एक लांब टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा जार. अधिकारी बाई मध्यमवयीन, आवाजात जरब नाही, उलट थकवा. त्यांनी मेणाची बिलं टेबलावर पसरली.

"या माणसाने बऱ्याच जणांना जास्तीची बिलं दिली आहेत," त्या म्हणाल्या. "काही गिऱ्हाइकं सामील होती. काहींनी नीट न बघता समोर आलेलं बिल ठेवून दिलं. मला एवढंच ठरवायचंय, तुम्ही कुठल्यातल्या?"

प्रश्न धाकटीला होता. येताना बसमध्ये तिने मनाशी ठरवलं होतं, सरळ सांगायचं. मी घेतली, माझ्या बहिणीला माहीत नव्हतं. वाक्यं पाठही केली होती. पण बाईंनी 'सामील' म्हटलं आणि तिची दातखीळ बसली. दुकान गेलं, डॉक्टरांचं काम गेलं, लोक काय म्हणतील, तुरुंगबिरुंग असतो की काय... आणि तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"मला हिशेबातलं काही कळत नाही. सगळं ताईच बघते."

जारातलं पाणी बुडबुडलं. अधिकारी बाईंनी ताईकडे मान वळवली. "एवढं मेण तुमच्या नजरेत आलं नाही?"

"आलं," ताई म्हणाली.

"मग विचारलं नाहीत?"

ताई धाकटीकडे पाहत नव्हती. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते, लग्नाच्या फोटोत ठेवतात तसे नीट. विचारलं होतं, असं ती म्हणाली असती तर पुढचा प्रश्न धाकटीला आला असता: काय उत्तर दिलंत? आणि मग सुटका नव्हती. हे ताईला कळत होतं. ते कळणं हाच तिचा धंदा होता.

"विचारायला हवं होतं," ताई म्हणाली. "घरचं काम म्हणून ढिलाई झाली. चूक माझी आहे."

बाईंनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून धाकटीला विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

"नाही," धाकटी म्हणाली.

जिना उतरताना धाकटी मागे होती. खाली आल्यावर तिने ताईच्या कोपराला हात लावला. ताईने तो झटकला नाही, पण थांबलीही नाही. "घरी जा," ती म्हणाली. "आई वाट बघत असेल." आणि उलट्या बाजूची बस पकडायला रस्ता ओलांडून गेली.

धाकटीला राहिलेला टॅक्स, व्याज आणि दंड भरायला लागला. तो निष्काळजीपणाचा दंड होता, लबाडीचा नव्हे, त्यामुळे दुकान वाचलं. भट्टी विकून आणि हप्ते बांधून तिने तो फेडला. ताईचा सहीचा परवाना मात्र काढून घेतला गेला, आणि ज्या कचेरीत तिने केस पिकवले होते त्या कचेरीने तिला दोन महिन्यांचा पगार देऊन निरोप दिला.

ते कळलं त्या दिवशी धाकटी हातातलं प्लास्टर तसंच टाकून त्या कचेरीत गेली. ताईचे साहेब वयस्कर होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

साहेबांनी टेबलावरचा चहा बाजूला सरकवला. "मला हे माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणजे कुणी सांगितलं नाही, पण तुमच्या ताईंना मी ओळखतो. विचारल्याशिवाय त्या झाडूचं बिलही घ्यायच्या नाहीत."

"मग ताईला परत घ्या ना."

"बाई, मी घेऊन काय करू? परवाना माझ्या हातात नाही. हे सगळं तुम्ही त्या टेबलापाशी बोलायला हवं होतं. आता तिकडे जाऊन सांगाल तर त्या अधिकारी बाई म्हणतील, तुमच्या बहिणीने अधिकाऱ्यांसमोर खोटं सांगितलं. म्हणजे जे काही उरलंय तेही जाईल. तुम्ही आता गप्प राहणं हेच त्यांच्यावर उपकार."

तिथून ती थेट ताईच्या घरी गेली. भावोजींनी दार उघडलं, आणि ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचायचा तो नुसता बाजूला झाला. ताई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"ताई, मला मार. ओरड. काहीतरी कर."

"काय करू ओरडून?" ताईने भांडं फळीवर ठेवलं. "मला एकच सांग. खातं रिकामं झालं तेव्हा माझ्याकडे का नाही आलीस?"

"तू रागावली असतीस."

"रागावले असते. मग?"

खरं उत्तर धाकटीला ठाऊक होतं, पण ते उपकार, तो दाढेखालचा खडा, हे आज या स्वयंपाकघरात कुठल्या तोंडाने बोलायचं?

"मीच फार कडक वागत असेन," ताई म्हणाली. "लहानपणापासून तुला धाकात ठेवलं. लेकराने आईकडे यायचं ते दुकानदाराकडे गेलं." तिने पुढचं भांडं उचललं. धाकटीने शिव्या खायची तयारी केली होती, पण ताईने ही चूकही स्वतःच्याच नावावर लिहून घेतली. धाकटी रडली. ताईने तिला पाणी दिलं, पाठीवर हातही ठेवला. पण रविवारी ती दुकानात आली नाही, आणि त्यानंतर कधीच नाही.

ताईने एका कापडाच्या दुकानात गल्ल्यावर नोकरी धरली. भावोजी एकदा आईजवळ हळूच म्हणाले, की हल्ली ती सुट्टे पैसेसुद्धा तीनदा मोजते, निघताना कुलूप ओढून बघते, पुन्हा अर्ध्या जिन्यातून परत येऊन बघते. पूर्वी अशी नव्हती. धाकटीने ते पलीकडच्या खोलीतून ऐकलं.

धाकटी हिशेब स्वतः ठेवायला शिकली. काही फार अवघड नव्हतं. अंगावर काटा यायचा तो त्याच गोष्टीने, की काही फार अवघड नव्हतं. आले त्याच दिवशी पैसे बाजूला, बिल त्याच दिवशी डब्यात, अडलं तर विचारायचं. कुणी नवा माणूस नोकरी सोडून धंद्यात उतरला आणि सल्ला मागायला आला, तर ती एवढंच सांगायची, "कमी पडले तर लगेच सांगा. कुणालाही, पण सांगा." लोकांना वाटायचं, ती व्यवहाराचं बोलतेय.

दोन्ही बहिणी आईकडे भेटत. बोलत. आईच्या गुडघ्यांचं, भाजीच्या भावाचं, ताईच्या मुलीच्या परीक्षेचं. बाहेरून बघणाऱ्याला काही बिनसलंय असं वाटलं नसतं.

अशाच एका दुपारी आईने काहीतरी जुनी गंमत सांगितली आणि ताई मनापासून हसली. बऱ्याच दिवसांनी तशी हसली. धाकटीची नजर नको तिथे गेली. वरच्या ओळीत, डावीकडे, सुळ्याच्या शेजारचा दात नवा होता. तिला एका क्षणात सगळं दिसलं: काम बरं होतं, बसवलाही नीट होता, पण रंग चुकला होता. ताईच्या दातांना जरा पिवळसर झाक होती, वडिलांच्या होती तशीच. हा दात पांढराफेक होता. कुणीतरी घाईघाईने पेटीतला हाताशी लागला तो लावला होता.

आई आत गेली तेव्हा धाकटीने विचारलं, "दात कधी पडला तुझा?"

ताईने ओठ मिटले. "दोन-तीन महिने झाले. हलतच होता."

"मला का नाही सांगितलंस? मी केला असता."

"तू पैसे घेतले नसतेस," ताई म्हणाली. "आणि बिलाशिवाय मी आता काही घेत नाही."

"मी बिल दिलं असतं, ताई."

"हो," ताई म्हणाली. "दिलं असतंस."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. धाकटीने दोनदा मनात ते वाक्य फिरवून पाहिलं, टोमणा सापडला असता तर बरं झालं असतं. आई चहा घेऊन आली, ताईने उठून तिच्या हातातला ट्रे घेतला.

"बरा दिसतो ना?" ताईने कप पुढे करत विचारलं.

"बरा आहे," धाकटी म्हणाली.